अठरावा शर्ट

सोमवार, २ जून

नऊ वर्षांनी या वहीत लिहितेय. इयेलेमिया, माझा नवरा, बोटीवर कामाला असायचा तेव्हा रोज लिहायचे. घरी आला की तो एका बैठकीत सगळं वाचून काढायचा आणि मध्येच हसायचा. कशाला हसला ते मात्र सांगायचा नाही. तो गेल्यावर लिहायचं कुणासाठी, म्हणून वही ट्रंकेत टाकली. आज ट्रंक उघडली ती मोजायची फीत शोधायला, तर ही हाताला लागली. मागची चाळीसेक पानं कोरी आहेत.

झालं असं, की सकाळी फुटबॉल संघटनेचे सचिव आले. पुढच्या महिन्यात सुवा शहरात बेटांच्या करंडकाचे सामने आहेत. आपला संघ पंचवीस तारखेच्या बोटीने निघणार. पण परदेशातून मागवलेले कपडे ज्या बोटीत होते, ती आपल्याकडे न येता पुढेच निघून गेली. आता ती पेटी जुलै संपता संपता मिळेल. वीस जणांचे कपडे मी शिवून देईन का, असं विचारत होते. मी म्हटलं, मी बायकांचे झगे शिवते, मुलींचे गणवेश शिवते, फुटबॉलचं काही शिवलेलं नाही. ते म्हणाले, आमचेही कुणी पोलीस आहेत, कुणी धक्क्यावर पोती उचलतात, त्यांनाही अजून कुणी खेळाडू म्हणत नाही. मला हसू आलं आणि हसता हसता हो म्हणून गेले.

नणंद टिलिया आतून ऐकत होती. म्हणाली, तेवीस दिवस, वीस माणसं आणि तुझं ते खडखडणारं मशीन, कुणी सांगितलं होतं तुला? तिचं खरं आहे. पण इयेलेमिया गेल्यापासून 'हे तूच कर' म्हणत दारात कुणी आलं नव्हतं.

बुधवार, ४ जून

संघाचा रंग आकाशी, आणि आमच्या सगळ्या फुनाफुती बेटावर आकाशी कापड नाही. दुकानांत फुलाफुलांचं आहे, तपकिरी आहे, शाळेचं लाल आहे. शेवटी कळलं की नुकुफेताऊ बेटावरून इथे येऊन राहिलेल्या बायकांनी ऑक्टोबरच्या नाचासाठी एक अख्खा तागा आणून ठेवलाय, आणि तो नेमका आकाशी.

त्यांच्या सभागृहात जाऊन बसले. पेटी चुकल्याचं सांगितलं आणि तागा मागितला. त्या आपसात तासभर बोलल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी म्हणाल्या, नाचाला अजून चार महिने आहेत, तोवर कापड येईल. बोट काही या पोरांसाठी थांबणार नाही. तागा त्यांनीच घरापर्यंत आणून दिला. दहा नंबर आमच्या बेटाच्या मुलाला दे, एवढं मात्र जाताना सांगितलं. मी म्हटलं, नंबर कोच देतात, मी नुसती शिवते.

रात्रीच्या प्रार्थनेत त्या आजींचं नाव घेतलं.

शनिवार, ७ जून

संध्याकाळी विमानाच्या धावपट्टीवर जाऊन मापं घेतली. संघ तिथेच पळतो, कारण मैदानात पावसाचं पाणी साचलंय. वीस माणसं ओळीत उभी आणि मी फीत घेऊन. कप्तान पनापा पोलिसात आहे, सगळ्यांना रांगेत तोच लावत होता. म्हणाला, "मावशी, पोटाचं माप जरा आत ओढून घ्या, पहिल्या सामन्यापर्यंत मी तिथे पोचतो."

कोच म्हणजे केलेसे मास्तर, वैतुपू बेटावरच्या शाळेतले. दीड महिन्याची रजा काढून आलेत, इथे चुलतभावाकडे उतरलेत. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, बोलणं मोजकं. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली असं टिलिया म्हणाली. सगळं होईपर्यंत शिट्टी हातात धरून शेजारी उभे होते. मी फीत गुंडाळली तेव्हा म्हणाले, सुनेमाबाई, माझ्या शर्टाचं एक बटण गेलंय. मी लावून दिलं.

गुरुवार, १२ जून

नऊ शर्ट झाले. खांद्याला दुहेरी टीप मारतेय, कारण ओढाताण तिथेच होते असं मास्तर म्हणतात.

ते आजही आले होते. पुन्हा बटण. या आठवड्यातलं तिसरं. मी त्यांना जाड दोऱ्याचं एक रीळच दिलं आणि म्हटलं, गाठ अशी मारायची, म्हणजे तुम्हाला एवढ्या लांब चालत यावं लागणार नाही. ते रीळ हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. बिचाऱ्यांना समजलं नसावं, म्हणून पुन्हा एकदा करून दाखवलं.

ते गेल्यावर टिलिया मासे साफ करताना इतकी हसली, की सुरी खाली ठेवावी लागली. काय झालं विचारलं, तर म्हणे, "काही नाही गं बाई. तू शीव."

शुक्रवार, २० जून

सगळं तयार. वीस शर्ट, वीस चड्ड्या, गोलरक्षकांचे दोन शर्ट पिवळे. पण आज भलतंच निघालं. सचिव सांगून गेले की संघाबरोबर मीही जायचं. काही फाटलं-उसवलं तर तिथे कुणीतरी हवं असं कोचांनी कळवलंय, आणि एक जागा मोकळी आहे.

मी नाही म्हटलं. वीस पुरुषांच्या बोटीत मी सत्तेचाळीस वर्षांची विधवा काय करणार, लोक काय म्हणतील. टिलियाने माझ्याकडे पाहिलंही नाही. कपाटातून माझे तीन झगे काढले, घड्या केल्या आणि पिशवीत भरले. म्हणाली, "नऊ वर्षं माझ्या भावाची बायको होऊन बसलीयस. तो असता तर त्यानेच तुला धक्क्यावर नेऊन सोडलं असतं."

ती असं कधी बोलत नाही. मी पिशवीत वरून फीत, कात्री आणि उरलेलं कापड ठेवलं.

शुक्रवार, २७ जून, बोटीवर

तीन दिवस डोकं वर काढलं नाही. खलाशाची बायको म्हणून लोक मान देतात आणि मी ही अशी, बादलीला मिठी मारून.

मास्तर दर दोन तासांनी आल्याचा तुकडा, कोरडी बिस्किटं आणि शहाळं आणून ठेवतात. माणूस फार जबाबदार आहे, सगळ्या संघाची अशीच काळजी घेत असणार. पनापाला तसं म्हटलं. तोही बिचारा हिरवापिवळा होऊन आडवा पडला होता. म्हणाला, "मावशी, मला तर आलं दुरूनसुद्धा दाखवलं नाही."

रविवार, २९ जून, सुवा

काल पोचलो. जमीन अजून हलल्यासारखी वाटते. आपल्या लोकांच्या चर्चच्या आवारातच उतरायची सोय केलीय. इथल्या बायकांनी पुलाकाचे कंद शिजवून, नारळाच्या दुधातले मासे करून तयार ठेवले होते. इतक्या वर्षांपूर्वी घर सोडलेल्या या बायका, पण हाताची चव तीच.

आज पांढरे शर्ट घालून सगळे प्रार्थनेला गेले. एकटा तेलेके, आपला राखीव गडी, रंगीत शर्टात, मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. त्याने आपला पांढरा शर्ट भावाला लग्नासाठी दिला, तो भाऊ शर्ट घालून थेट नानुमेआ बेटावर गेला.

बुधवार, २ जुलै

सात-शून्य. आपले शून्य.

समोरचे घोड्यासारखे पळत होते. चौथ्या गोलनंतर मी मैदानाकडे पाहायचं सोडून फक्त शर्टांकडे पाहिलं. एकही टीप उसवली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मला तेवढंच समाधान.

सामन्यानंतर मुलं मान खाली घालून बसली होती. मला वाटलं मास्तर रागावतील. त्यांनी एकेकाला नावाने हाक मारून प्रत्येकाने केलेली एक चांगली गोष्ट सांगितली. तेलेके तर मैदानात उतरलाही नव्हता. त्याला म्हणाले, तू नव्वद मिनिटं उभा राहून ओरडलास, तुझा आवाज बसलाय, ते मी पाहिलंय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, सुनेमाबाईंच्या शिलाईनेही हार मानली नाही. म्हणजे त्यांचंही लक्ष होतं. मला बरं वाटलं.

रविवार, ६ जुलै

काल लिहायला वेळच मिळाला नाही. कालचं आणि आजचं एकदम लिहिते.

शनिवारी चार वाजता दुसरा सामना, उत्तरेकडच्या बेटवाल्यांशी. तेही आपल्यासारखेच लहान, म्हणून सगळ्यांना आशा होती. सकाळी दहाला स्पर्धेचा माणूस आला आणि म्हणाला, त्यांचाही रंग आकाशी आहे. चिठ्ठी निघाली, तुम्ही दुसऱ्या रंगात खेळायचं. आमच्याकडे दुसरा रंग कुठला? तो म्हणाला, तीन वाजेपर्यंत एका रंगाचे, नंबर लावलेले शर्ट दाखवा, नाहीतर सामना त्यांना दिला जाईल. वाईट माणूस नव्हता. नियम सांगत होता आणि जमिनीकडे बघत होता.

सचिवांनी इकडेतिकडे फोन लावले. मी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होते. तिथे चर्चला घालायचे पांढरे शर्ट होते, ओळीने.

मी पनापाला बाजूला घेऊन सांगितलं. तो आधी दोरीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आई मला मारेल." आणि जाऊन स्वतःचा शर्ट काढून आणला. सगळ्यांत आधी त्याने दिला म्हणून बाकीच्यांनी दिले. नुकुफेताऊच्या ताग्यातला उरलेला तुकडा मी बरोबर आणला होता, त्यातून आकाशी नंबर कापले. इथल्या चार बायका कात्र्या घेऊन बसल्या. दोघी कापायच्या, दोघी टाचायच्या आणि मी त्यांच्यातल्या एकीच्या मशीनवर. एकीने तर माझ्या तोंडात केळ्याचे घास भरवले, हात मोकळा नव्हता म्हणून.

दोन गोलरक्षक सोडले तर अठरा जण. गोलरक्षकांचे पांढरे असले तरी रेघांचे, ते चालले नसते. शर्ट भरले सतरा. तेलेके कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, मावशी, मी नाही खेळलो तरी चालेल, माझ्यासाठी थांबू नका.

तेवढ्यात मास्तर आतून आपला शर्ट घेऊन आले. जुन्या पद्धतीचा, लांब बाह्यांचा. हातात घेतल्याबरोबर मला कळलं की हा दुकानातला नाही. कॉलरची टीप इतकी बारीक, की टाके मोजायला भिंग लागावं. काजं हाताने केलेली. मी विचारलं, हा कुणी शिवला? म्हणाले, "माझ्या बायकोने. आजारी पडायच्या आधीचा शेवटचा."

मी शर्ट परत त्यांच्याकडे सरकवला. तेलेके काटकुळा, मास्तर रुंद. नुसता नंबर लावून भागणार नव्हतं, बाह्या कापायच्या, दोन्ही बगला आत घ्यायच्या. तो शर्ट पुन्हा त्यांना झाला नसता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "पाच वर्षं कपाटात आहे. वर्षातून एकदा घालतो आणि परत ठेवतो. कापा, सुनेमा."

घाईत 'बाई' म्हणायचं राहिलं असेल.

मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. मग त्यांनीच कापड दोन्हीकडून ताणून धरलं आणि मी कात्री चालवली. बाही सुटून खाली पडली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं डोळे भरले असतील. ते तर हसत होते. दुःखात माणसं कशी वागतील सांगता येत नाही.

तीनला पाच मिनिटं कमी असताना स्पर्धेचा माणूस आला. कॉलरकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, एक नंबर धरून जोरात ओढला. नंबर निघाला नाही. त्याने मान डोलावली.

आता सामना. मला खेळातलं फार समजत नाही, पण हे आयुष्यभर सांगता येईल. पहिल्या अर्ध्यात त्यांचा एक गोल झाला. आपली मुलं मात्र पडत होती, उठत होती, पांढऱ्या शर्टांचा चिखल होत होता. शेवटची बारा मिनिटं राहिली तेव्हा मास्तरांनी तेलेकेला पाठवलं. त्याचा आवाज अजून बसलेलाच होता. जाताना काहीतरी म्हणाला, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

पनापाने मागून लांब चेंडू मारला. तेलेके धावला, गोलच्या अगदी जवळ पोचला, आणि त्यांच्या एका खेळाडूने मागून त्याचा शर्ट धरला. टर्रकन आवाज मी बाकावर ऐकला. तेलेके पालथा पडला आणि पाठीचा अख्खा तुकडा त्या माणसाच्या मुठीत राहिला. तो हात वर करून पंचाला सांगत होता की मी काही केलं नाही, आणि वर केलेल्या हातात तो तुकडा फडफडत होता, अर्ध्या नंबरासकट. त्याच्याच गड्यांना हसू आलं. पंचाने पेनल्टी दिली.

धक्क्यावरचा इओने मारायला गेला. मी डोळे मिटून घेतले. शेजारची बाई माझा दंड दाबून म्हणाली, लागला, गोलरक्षकाच्या हाताला लागला, आणि मग किंचाळली, आत गेला. एक-एक. उरलेला वेळ सगळे अकरा जण गोलपुढे उभे राहिले, ढकलत, लाथाडत, चेंडू कुठेही मारत. शिट्टी वाजली तेव्हा तेलेके उघड्या पाठीने मैदानभर पळत होता. या करंडकातला आपला पहिला गुण. फुनाफुतीत लोक रेडिओ घेऊन रस्त्यावर आले असं सचिवांना फोनवर कळलं.

मी तो फाटका शर्ट मांडीवर घेतला आणि मला रडू आवरेना. माझी शिलाई टिकली होती, कापडच विरलं होतं, पण त्या बाईने इतक्या निगुतीने केलेलं काम माझ्या कात्रीखाली आलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या. मास्तर शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "तिला फुटबॉल अजिबात आवडायचा नाही. आज आवडला असता." तो माणूस मुठीतला तुकडा परत देऊन गेला होता, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

मी त्यांना नवीन शर्ट शिवून द्यायचं कबूल केलंय.

आज रविवार. सुई हातात धरायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. म्हणजे नंबर उसवता येईनात. काल घाईत जेवढे डाग निघाले तेवढे निघाले. मुलं तशीच प्रार्थनेला गेली, पाठीवर दोन, पाच, सात, अकरा, कोपरांवर गवताचे हिरवे डाग. मी लाजेने अर्धी झाले होते. पाद्रीसाहेब वर उभे राहिले, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, आज वर बसलेल्याला आपली माणसं ओळखायला सोपं जाईल. मग एकेक नंबर घेऊन त्यांनी प्रार्थना केली. इथल्या म्हाताऱ्या बायका रुमालात तोंड लपवून हसत होत्या आणि रडतही होत्या. गाताना माझा आवाज सगळ्यांत वर गेला. किती दिवसांनी.

मंगळवार, ८ जुलै

तिसरा सामना दोन-शून्यने हरलो. कुणी मान खाली घातली नाही. मुलं जेवली, गायली, थाळ्या वाजवल्या.

दुपारी बाजारातून चांगलं पांढरं कापड आणलं आणि मास्तरांचं माप घेतलं. छातीला फीत लावली तर फीत नुसती हलतेय. मी म्हटलं, श्वास धरून ठेवू नका, माप चुकतं. तरी तेच. कान तापल्यासारखे लाल. शनिवारी ओल्या बाकावर बसले होते, त्याने ताप भरला असावा. मी गरम चहा करून दिला आणि झोपायला सांगितलं.

जुन्यासारखाच शिवू का, लांब बाह्यांचा, असं विचारलं. ते म्हणाले, "नको. तुमच्या पद्धतीने शिवा."

शनिवार, १२ जुलै, बोटीवर

यावेळी बादली लागली नाही. समुद्र शांत आहे, की मला सवय झाली, कोण जाणे.

दिवसभर वरच्या डेकवर बसून शर्ट शिवला, कॉलर हाताने केली. मास्तर शेजारी बसून शाळेतल्या गोष्टी सांगत होते. इतकं बोलणारा माणूस असेल असं वाटलं नव्हतं. मीही इयेलेमियाबद्दल बोलले. तो वही वाचता वाचता हसायचा आणि कारण सांगायचा नाही, तेही सांगितलं. मास्तर म्हणाले, मग त्याला सगळंच आवडत असणार. असा विचार मी कधी केला नव्हता. थोडी रडले. बरं वाटलं.

मंगळवार, १५ जुलै

काल धक्क्यावर अख्खं बेट उभं होतं. नुकुफेताऊच्या बायकांनी नाच केला, घरात होते नव्हते ते जुने झगे घालून. त्यांच्या आजींनी तेलेकेची पाठ चाचपून पाहिली. गळ्यात इतके हार पडले की पनापा दिसेनासा झाला. एक हार माझ्याही गळ्यात आला. टिलियाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, तुझ्या अंगावर जरा मांस आलंय. बोटीवर चार दिवस आलं आणि बिस्किटं खाऊन मांस कसं येईल?

आज सकाळी मास्तर नवा शर्ट घालून आले. खांदे नीट बसलेत, मी चारी बाजूंनी पाहिलं. बोट गुरुवारी वैतुपूला जाते, त्यांची रजा संपली. मला वाटलं निरोप घ्यायला आलेत. ओसरीवर बसले, शहाळं प्यायले, पाऊस किती पडला ते सांगितलं, टिलियाच्या डुकरांची चौकशी केली. टिलियाला अचानक शेजारी काहीतरी काम आठवलं आणि ती गेली.

मग ते म्हणाले की त्यांच्या शाळेच्या वसतिगृहाला पडदे नाहीत. मुलांना सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. बरेच दिवस मनात आहे. चांगलं शिवणारं कुणी वैतुपूला नाही. मी तिकडे येऊन राहीन का, पडदे होईपर्यंत. त्यांची विधवा बहीण शेजारीच राहते, तिच्याकडे माझी सोय होईल, तिच्याशी बोलणं झालंय. हे सगळं त्यांनी पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं आणि शहाळं खाली ठेवलं.

मी कामाचं विचारलं, खिडक्या किती आहेत?

ते म्हणाले, बारा. मग म्हणाले, नाही, सोळा असतील. मग छपराकडे पाहत बोटं मोजली आणि म्हणाले, वीसच्या पुढे नक्की आहेत. एकोणीस वर्षं हा माणूस त्या शाळेत आहे. त्यांचे कान माप घेतलं त्या दिवशीसारखे लाल झाले होते. मी त्या कानांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. ओल्या बाकावर बसल्याला दहा दिवस झाले, एवढ्यात ताप उतरायला हवा होता.

माझ्या हातातली सुई खाली पडली. दोघेही ती शोधायला वाकलो. मला मिळाली.

मी ती हातातल्या कापडात टोचून ठेवली. मग म्हटलं, "तुम्ही मोजू नका, मास्तर. मीच येऊन मोजते."